आजोबांचं स्लॅबचं घर: पाडावं, वाढवावं की राखावं?

म्हापशाहून एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: आजोबांनी १९५६ साली बांधलेलं घर. सपाट स्लॅब, पुढच्या कोपऱ्याला अर्धगोल व्हरांडा, खिडक्यांवरून सलग फिरलेला पातळ छज्जा, आत मोझाईकची जमीन. काकी एकट्याच राहतात. पावसात हॉल गळतो, छज्जाचे तुकडे पडतात. एक कंत्राटदार म्हणतो पाडा. दुसरा म्हणतो वर पत्रे टाकू, पुढे उतरतं कौलारू छप्पर आणि बाल्कांव (दारापुढची बाकांची ओटी) बांधून ‘पोर्तुगीज लुक’ देऊ. चुलतभावाला वर एक मजला हवाय. मी फोंड्याला स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, तीसेक वर्षं जास्त करून जुन्या घरांचीच कामं करतो, म्हणून मला विचारलंय.

ताई, पाडायची घाई करू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं म्हणजे त्या काळच्या प्रत्येक स्लॅबच्या घराची लक्षणं. तेवढ्यावर घर पाडायचं ठरवलं तर म्हापसा, मडगाव आणि पणजीत त्या पिढीचं एकही घर उरणार नाही. २०२३ च्या जुलैत पणजीच्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला. तेव्हापासून जुना स्लॅब म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. भीती चुकीची नाही, पण प्रत्येक स्लॅबचं दुखणं वेगळं असतं आणि ते तपासता येतं.

हे घर आहे काय, ते आधी बघू. १९५६ म्हणजे गोवामुक्तीच्या पाच वर्षं आधी. भारताची आर्थिक नाकेबंदी चालू, बरंचसं सामान मुरगाव बंदरात बोटीने उतरायचं. खनिजाचे पैसे यायला लागले होते. पणजीत १९५२ साली मांडवी हॉटेल उभं राहिलं होतं, ते लोकांनी डोळे भरून पाहिलं होतं. मुंबईला नोकरीधंद्याला असलेले गोंयकार मरीन ड्राइव्हच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती रोज बघत होते. (त्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशात आहेत.) आजूबाजूला सगळी मंगलोरी कौलं आणि चिऱ्याच्या भिंती, आणि त्यात एखादा दुकानदार किंवा वकील उठून सपाट छपराचं, नक्षी नसलेलं घर बांधतो. त्याला जुन्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरासारखं घर नको होतं. आपण नव्या काळाची माणसं आहोत हे त्याला रस्त्यावरून दिसायला हवं होतं. म्हणून त्या घराला बाल्कांव चिकटवून ‘पोर्तुगीज’ करणं मला अगदी पटत नाही. तुमच्या आजोबांनी जे मुद्दाम टाळलं, तेच त्यांच्या घराच्या तोंडावर लावायचं! गोव्यात वारसा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर कौलं, रंगीत भिंती आणि लाकडी जिना येतो. १९५० च्या दशकातलं सिमेंटचं घर कुणी त्यात धरत नाही, आणि अशी बहुतेक घरं संरक्षणाच्या कुठल्याच यादीतही नाहीत. त्यामुळे ती राखायची की नाही हे घरच्यांच्या मनावर.

या घरांची शोभा कडेत असते. छज्जा भिंतीपाशी चार इंच आणि टोकाला अडीच. गच्चीच्या कठड्यावर एकच पातळ पट्टी. व्हरांड्याची गोलाई एका ओघात फिरलेली. कौलारू घराची एक खिडकी बदलली तरी घर ओळखू येतं. या घरांत कड दीड इंचाने जाड झाली की चेहराच जातो. आणि दुरुस्ती करणारा प्रत्येक गवंडी ती जाड करतोच, कारण प्लास्टर वाढवणं सोपं, जुनं काढून तेवढंच भरणं कष्टाचं. वयाने बिघडलेली घरं मी कमी पाहिली, दुरुस्तीने बिघडलेली जास्त.

आता छज्जा. मडगावात एका घरी परांचीवर चढून मी छज्जा हातोडीने वाजवत होतो. टण, टण, टण, आणि एकदम बद्द. बद्द आवाज आला तिथे खालून प्लास्टर सुटलेलं. छिन्नीने काढलं तर आत साधी, गोल, गुळगुळीत सळई, टोकाला हूक वाकवलेला, आणि तिच्यावर काँक्रीट जेमतेम अर्धा इंच. आजच्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारपट्टीच्या हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचं आवरण, लागतं. तिथे बारा-तेरा होतं. ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याची क्षारता गेली ते बेरंग राहतं. तिथे सळईच्या पलीकडेपर्यंत बेरंग होतं, गुलाबी रेघ त्याच्याही वर. म्हणजे सळईचं कवच कधीच गेलेलं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, आणि ती जागा मिळवायला काँक्रीट फोडतं. तुमचे तुकडे पडतात ते यामुळे.

हे ऐकून घाबरू नका. कार्बन आत शिरायचा वेग दिवसेंदिवस मंदावतो. पहिल्या १० वर्षांत जेवढा आत गेला, तेवढंच पुन्हा आत जायला पुढची ३० वर्षं लागतात. म्हणून छज्जा खराब आणि हॉलचा स्लॅब आतून ठणठणीत, असं पुष्कळ घरांत सापडतं. हॉलच्या स्लॅबला खालून पाऊस-वारा लागत नाही, छज्जाला तिन्ही बाजूंनी लागतो. आधी सगळा स्लॅब वाजवून खडूने नकाशा काढा, मग बोला.

पण खारं पाणी हे वेगळं दुखणं आहे. वाळू खाडीची असेल आणि न धुता वापरली असेल, किंवा घर समुद्राच्या तोंडावर असेल, तर मीठ काँक्रीटमध्येच बसलेलं असतं. अशा ठिकाणी खराब तुकडा काढून नवा मॉर्टर भरला की दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या कडेने, जिथे आधी चांगलं होतं तिथे, गंज फुटतो. याचं कारण रसायनात आहे: जुना गंजणारा तुकडा शेजारच्या सळईला नकळत वाचवत होता, तो आपण काढून टाकला. म्हणून नमुना काढून क्लोराइड तपासल्याशिवाय पॅचवर्क करायचं नाही. मीठ निघालं तर ठिगळाच्या कडेला जस्ताचे छोटे अॅनोड बसवतात, लोखंडाऐवजी ते झिजतात. छज्जाच्या पॅचसाठी ते परवडतं. अख्ख्या स्लॅबला मीठ असेल तर मात्र मी तुम्हाला गोड बोलणार नाही. तेव्हा पाडण्याचाही हिशेब मांडावा लागतो.

छज्जात आणखी एक मेख. तो भिंतीतून बाहेर आलेला असल्यामुळे त्याची खरी सळई वरच्या बाजूला असते. ओतकामाच्या दिवशी घमेलं घेऊन माणसं तिच्यावर पाय देऊन चालली की ती खाली दबते, आणि ते कुणाला कळत नाही. छज्जा वाकतोय का हे बघायला पाणसळ धरा, मुळापाशी वरून भेग आहे का पाहा. खालचं पडलेलं प्लास्टर दिसायला भयंकर, पण वरची मुळाची भेग खरी धोक्याची. जगातल्या नावाजलेल्या घरांनाही हे चुकलं नाही. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या धबधब्यावरच्या घराची पुढे आलेली गच्ची सेंटरिंग काढल्यापासून वाकतच राहिली, टोकाला सात इंच खाली गेली, शेवटी २००२ मध्ये तिला पोलादी केबलींनी ताण देऊन थांबवलं. पाडली नाही. तुमच्या छज्जाला तेवढा थाट लागणार नाही. खालून टेकू लावायचे, सुटलेलं काढायचं, सळई घासून चकचकीत करायची, जिथे पाव भागाहून जास्त खाल्ली असेल तिथे नवी जोडायची, आणि पॉलिमर मॉर्टर मूळ जाडीएवढाच भरायचा. त्यासाठी काम सुरू व्हायच्या आधी छज्जाच्या कडेचा पुठ्ठ्यावर छाप काढून ठेवा. गवंड्याच्या हातात तो साचा असला तर कड जाड होत नाही. खालच्या बाजूची पाणपट्टी, म्हणजे टोकापाशी ठेवलेली ती बारीक खाच, पुन्हा कोरून घ्या. रंगारी ती दर पाच वर्षांनी पुट्टीने बुजवतात, आणि पाणी खालून सरकत थेट खिडकीच्या चौकटीत जातं.

हॉलची गळती मात्र छज्जाची नाही, गच्चीची आहे. असं काँक्रीटचं सपाट छप्पर ही कल्पनाच युरोपातून आली, आणि तिथेही ती गळायचीच. पॅरिसजवळचं १९३१ चं व्हिला सावॉय, ल कॉर्ब्युझिये या नामवंत वास्तुविशारदाचं, राहायला गेल्यापासून गळत होतं. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. आजोबांच्या गवंड्याने गच्चीला उतार दिला असणार. त्यानंतर काय झालं ते मी न बघता सांगतो: गळलं की वर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), पुन्हा गळलं की त्या कोब्यावर आणखी कोबा. मी एका गच्चीवर तीन थर मोजलेत. दहा सेंटिमीटर कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. आजच्या हिशेबात गच्चीवर माणसांच्या वावरासाठी १५० धरतात. म्हणजे गळती थांबवायला टाकलेला एक थर हिशेबात धरलेल्या माणसांच्या भारापेक्षा जड. गळती तर थांबत नाहीच, पाणी थरांच्या मध्ये साचून महिनोन्‌महिने राहतं. तेव्हा पहिलं काम भर घालण्याचं नाही, उतरवण्याचं. सगळे थर काढून मूळ स्लॅब उघडा करायचा, भेगा भरायच्या, एकच हलका थर उताराने द्यायचा, कठड्याच्या बुंध्याच्या कोनात सिमेंटचा चांगला गोलसर वाटा मारायचा. मग आउटलेट बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खाली हॉलमध्ये वर बघत बसायचं.

त्याच वेळी तुमच्या व्हरांड्याचे खांब बघा. त्या काळात पावसाचं पाणी उतरवणारा बिडाचा पाइप दिसू नये म्हणून खांबातच घालायचे. दिसायला सुरेख, पण सत्तर वर्षांत तो आतून सडलेला असतो. एखाद्याच खांबाला खालपासून दोन हात ओल दिसत असेल, तर जमिनीच्या ओलाव्याला दोष द्यायच्या आधी त्या पाइपात बादलीभर रंगीत पाणी ओतून बघा. फुटका निघाला तर त्याच्या मागे लागू नका. वरून तोंड बंद करा आणि नवा पाइप मागच्या अंगाने उघडा उतरवा.

आता पत्रे. इथे माझे शुद्धतावादी मित्र रागावतील, पण गोव्यातल्या गच्चीवर पत्रे टाकायला माझा विरोध नाही. काकी एकट्या, दर दोन वर्षांनी वॉटरप्रूफिंगवाल्याच्या मागे कोण धावणार? फक्त पत्रे कठड्यापासून तीन-चार फूट आत, जमेल तेवढे बसके आणि एकाच बाजूला, मागे उतरते घ्या. कठड्याच्या बाहेर लोंबणारे निळे पत्रे घराच्या डोक्यावर इरल्यासारखे दिसतात. आत घेतलेले रस्त्यावरून दिसतही नाहीत. पाया स्लॅबवर नको, भिंतीच्या ओळीवर घ्या. आणि पाण्याची टाकी? हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती हॉलच्या मधोमध नको, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर.

कठड्यावरून माझी एक चूक सांगतो. उमेदीची वर्षं होती. फोंड्याजवळच्या एका घराचा कठडा जेमतेम दोन फुटांचा. नातवंडं गच्चीवर खेळतात, उंच करून द्या, असं घरची म्हातारी म्हणाली. मी चिऱ्याचा आणखी दीड फुटाचा थर चढवला, प्लास्टर केलं, पैसे घेतले. पुढच्या वर्षी चवथीला (गणेश चतुर्थीला) त्या वाटेने गेलो तर घराने गळ्यात मफलर गुंडाळल्यासारखं दिसत होतं. आडव्या पट्ट्यांचा सगळा तोल गेला होता. आता मी कठड्याला हात लावत नाही. आतल्या बाजूला एक फूट मागे, दीड इंची पाइपचं रेलिंग एक मीटर उंचीचं लावतो. मूल सुरक्षित, आणि रस्त्यावरून पाइपची फक्त एक बारीक रेघ.

घराच्या आत मात्र मोकळेपणाने बदला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, वायरिंग, काकींसाठी जवळ संडास, सगळं करा. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग तर काढायलाच हवी. पण नव्या वायरीसाठी स्लॅबमध्ये खाचा मारू देऊ नका. स्लॅब चार-पाच इंचांचा, त्यात इंचभर खाच म्हणजे सळई उघडी. पाइप बाहेरून, नीट ओळीत फिरवा. भिंत काढायची असेल तर आधी विचारा, कारण चिऱ्याच्या बहुतेक भिंती वरचा स्लॅब धरून असतात. ‘ही नुसती पार्टिशन आहे’ हे कंत्राटदाराचं वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय, आणि त्याचं म्हणणं थोड्याच वेळा खरं निघालंय.

मोझाईक काढून व्हिट्रिफाइड टाइल बसवायचा मोह होईल. ती जमीन तिथेच ओतून, पितळी किंवा काचेच्या पट्ट्यांमध्ये खडे बसवून, दगडाने घासून केलेली आहे. आज तसं करणारे हात शोधावे लागतात. काळवंडली असेल तर नुसतं घासकाम करून घ्या, खालून तोच रंग वर येतो. एक पथ्य: बाथरूमचं ॲसिड तिच्यावर कधीच नको. खडे संगमरवराचे, ॲसिड त्यांना खातं, आणि मग चकाकी परत येत नाही. खिडक्या लोखंडी असतील तर गंजलेली पट्टी तेवढी बदलून जस्ताचा प्रायमर मारा, लाकडी असतील तर मेस्ताला (सुताराला) बोलावून खालची आडवी पट्टी बदला, सडते ती तेवढीच. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंगला अर्धीच खिडकी उघडते, आणि मे महिन्यात ते कळतं. रंग बाहेरून सिमेंट पेंटच. रबरासारखे जाड रंग भिंतीची ओल आत कोंडतात आणि चिरा आतून पीठ होतो.

भावाच्या मजल्याबद्दल. चिऱ्याच्या भिंती, खाली त्याच चिऱ्याचा पाया, वर पातळ स्लॅब. याच्यावर काँक्रीटचा मजला चढवा असं मी लिहून देणार नाही. त्याला जागा हवीच असेल तर मागच्या परसात स्वतंत्र बांधू द्या, जुन्या घरापासून दोन इंचांचा सांधा सोडून, उंची जुन्या कठड्याच्या खाली ठेवून. पण खरा प्रश्न कदाचित जागेचा नाही, हिश्श्याचा आहे. आपल्याकडच्या नागरी कायद्यात मुलांचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, आणि वाटणी झाली नसेल तर घर सगळ्यांचं. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) करून घर एकाच्या नावे येऊ शकतं, बाकीच्यांना पैशाने वाटा देता येतो. वकिलाला आधी भेटा, मला नंतर. सांगायला वाईट वाटतं, पण हॉलच्या मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली गोल व्हरांड्याची घरं मी पाहिलीत. अर्धा व्हरांडा पिवळा, अर्धा गुलाबी.

काम कधी करायचं? मला घर दाखवायचं ते जुलैत, पाणी चालू असताना. कोरड्या दिवसांत गळती खोटं बोलते. दुरुस्ती दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर आटपायची, मेमध्ये गच्चीत पाणी भरून चाचणी. आधी मोजमापाचा नकाशा आणि प्रत्येक कोपऱ्याचे फोटो, तेही मोबाइलवर चालतील.

आणि एक. हॉलच्या स्लॅबला देवाच्या जागेसमोर लोखंडी कड्या असतील, चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला ओतकामातच घातलेल्या. त्यांच्याभोवती तांबूस डाग असेल आणि कंत्राटदार म्हणेल गंज तिथूनच शिरतोय, कापून टाकतो. कापू देऊ नका. कडी स्लॅबच्या आत सळईला अडकवलेली असते, ती काढली तर तिथलं काँक्रीट सुटतं. भोवतीचं प्लास्टर हाताएवढं काढून, घासून, इपॉक्सी लावून बंद करता येतं. यंदाच्या चवथीला मात्र त्यांच्यावर माटोळीचा भार नको, दोन बाजूंच्या भिंतींना बांबू बांधून माटोळी टांगा. काकींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या नारळांचा घड बांधून मोकळ्या होतील.